फटफटीच्या पासिंगचा हिशेब
(नाशिक रोड येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज आपण ज्या गावात बसलो आहोत, त्या गावाची एक गंमत आहे. नाशिक रोडला नोटा छापतात. १९२५ साली इथे सरकारचा सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, १९२८ साली नोटांचा छापखाना आला. पोस्टाची तिकिटे, महसुली तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट, सगळे इथले. म्हणजे सरकारला भरायचा पैसाही इथे छापतात आणि तो भरल्याची खूण म्हणून चिकटवायचे तिकीटही इथेच. सरकारी फीचा हिशेब मांडायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

कापसाचा भाव, विजेचे बिल, सोसायटीचे कर्ज यांवर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. आजचा विषय लहान वाटेल. पण मालेगाव, नांदगाव, येवल्याकडून जे भाऊ आज इथे आले, त्यांतले निम्मे फटफटीवर आले असतील. बाहेर लावलेल्या गाड्या बघा. एमएच १५, एमएच ४१, काही धुळ्याच्या एमएच १८, जळगावच्या एमएच १९. त्या प्रत्येक गाडीच्या नंबरामागे एक हिशेब आहे, आणि तो हिशेब आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी पाहिला आहे.

होते काय? कापूस विकतो. उधारी-उसनवारी भागवून थोडे हातात राहते. घरातले म्हणतात, गाडी घ्या. गावात एस.टी. दिवसातून दोनदा, तीही आली तर. दवाखाना वीस किलोमीटर, बाजार समिती त्याहून लांब. म्हणून आपण तालुक्याला शोरूममध्ये जातो. पाटीवर लिहिलेले असते ८० हजार. आपण तेवढ्याचा मेळ घालून गेलेलो असतो. काउंटरवरचा मुलगा कॉम्प्युटरवर बोटे चालवतो आणि कागद पुढे सरकवतो. त्यावर आकडा ९८ हजार, नाहीतर एक लाख. वरचे पैसे कशाचे? उत्तर एका शब्दात मिळते. 'पासिंगचे.'

हा 'पासिंग' शब्द म्हणजे तोंड शिवलेली गोणी आहे. आत काय आहे ते दिसत नाही, आणि आपण वजन करून पैसे देऊन मोकळे होतो. बाजार समितीत आपल्या कापसाच्या गाठोड्यात व्यापारी कोपरापर्यंत हात घालून बघतो. ओलावा काढतो, कवडी काढतो, काडीकचरा काढतो. मग त्याच्या गोणीत हात घालायला आपण का लाजतो? आज ती गोणी सोडायची आहे. खळ्यावर ज्वारी उफणतो तशी उफणायची आहे. दाणा कुठला, भूस कुठले आणि खडा कुठला, ते वेगळे करायचे आहे.

पहिला ढीग : सरकारचा

आपण एक नमुना घेऊ. समजा, ११० सीसीची साधी मोटारसायकल. शोरूमची किंमत जीएसटीसह ८०,००० रुपये. कर्जावर घेतली आहे.

पहिली रक्कम रस्ता कराची. आपल्या राज्यात मोटारसायकलवर हा कर एकदाच, नोंदणीच्या वेळी घेतात. १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याखाली तो बसतो. ९९ सीसीपर्यंत १० टक्के, १०० ते २९९ सीसीला ११ टक्के, त्याच्या वर १२ टक्के. आपल्या नमुन्याच्या गाडीला ११ टक्के म्हणजे ८,८०० रुपये.

हे दर पूर्वी ८, ९ आणि १० टक्के होते. २०१७ साली जीएसटी आला. जकात आणि एलबीटी संपले, राज्याच्या जमेची बाजू लंगडी होणार, म्हणून त्याच वर्षी रस्ता कर दोन टक्क्यांनी वाढवला. शहराच्या नाक्यावरची जकात गेली म्हणून आनंद झाला, पण ती जकात वेश बदलून आपल्या आर.सी. बुकात येऊन बसली. ज्याचा गाव महापालिकेपासून शंभर किलोमीटरवर आहे, त्यालाही ती चुकली नाही.

दुसरी रक्कम नोंदणी फी. ही दिल्लीची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ८१ क्रमांकाच्या नियमात तिचा तक्ता आहे. मोटारसायकलला पूर्वी ६० रुपये होते, डिसेंबर २०१६ पासून ३०० झाले. तिसरी रक्कम स्मार्ट कार्डाची, २०० रुपये. चौथी फक्त कर्ज काढणाऱ्याला. सातबारावर जसा सोसायटीचा बोजा चढतो, तसा गाडीच्या आर.सी.वर फायनान्सवाल्याचा बोजा चढतो. त्या नोंदीचे दुचाकीला ५०० रुपये. रोखीने घेणाऱ्याला हे ५०० लागत नाहीत, आणि रोखीच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर ते दिसले तर बोट ठेवून विचारायचे.

बेरीज करा. ८,८०० अधिक ३०० अधिक २०० अधिक ५००. झाले ९,८०० रुपये. टपालाचे किरकोळ पैसे सोडले तर सरकारचा 'पासिंग'चा खरा आकडा एवढाच आहे.

आता या आकड्याच्या पोटात शिरू. पाटीवरच्या ८० हजारांत जीएसटी आधीच मिसळलेला आहे. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर २०१७ पासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. १८ टक्क्यांनी ८० हजारांत १२,२०३ रुपये जीएसटीचे निघतात. रस्ता कर कशावर लागतो? नुसत्या गाडीवर नाही. गाडी अधिक जीएसटी, अशा पुऱ्या ८० हजारांवर. म्हणजे जीएसटीच्या १२,२०३ रुपयांवरही ११ टक्के, १,३४२ रुपये. कराला कर. मजुराने मजुरी घेतली आणि मजुरी मोजल्याची मजुरी पुन्हा घेतली, तर आपण त्याला बांधावर उभे करणार नाही. सरकारला मात्र हे चालते.

आता हे पैसे आपल्या भाषेत मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये आणि संकरित ज्वारीची ३,६९९ रुपये जाहीर झाली. तेवढा भाव पुरा पदरात पडला असे धरले, तर एकट्या रस्ता करापायी एक क्विंटल साडेआठ किलो कापूस गेला. ज्वारीत मोजाल तर दोन क्विंटल अडतीस किलो. जीएसटीसकट सरकारच्या घरात जाणारे सगळे पैसे एकत्र केले तर २२,००३ रुपये होतात. पावणेतीन क्विंटलाला थोडा कमी कापूस, नाहीतर जवळजवळ सहा क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रानात पाऊस रुसला तर एकरभर कापसाची सगळी वेचणी एवढ्यात आटोपते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

हा पहिला ढीग काउंटरवर कमी होत नाही. शोरूमवाला करू शकत नाही, पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात खिडकीमागे बसलेला कारकूनही करू शकत नाही. त्याच्याशी हुज्जत घालणे म्हणजे पाऊस पडला नाही म्हणून पर्जन्यमापकाला लाथ मारणे. कर ठरतो विधानसभेत, फी ठरते दिल्लीत. भांडायचे तर तिथे भांडायचे, आणि एकट्याने नव्हे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

दुसरा ढीग : विम्याचा

कागदावर पुढची रक्कम विम्याची असते, आणि आपला माणूस सर्वांत जास्त कुरकूर हिच्यावर करतो. 'माझी गाडी गावातच फिरते, मला कशाला विमा?' म्हणून थोडे समजून घेऊ.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिऱ्हाइताचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून हा आकडा अचानक मोठा दिसायला लागला. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,५४४ होतात. हा दर कंपनीनुसार बदलत नाही, तो ठरवून दिलेला असतो. गाडी घ्यायच्या दिवशी चालू दरपत्रक पाहून घ्यावे.

हा विमा गाडीचा नाही. आपल्या गाडीखाली दुसरा कोणी सापडला तर त्याच्या भरपाईचा आहे. विमा नसला तर ती भरपाई कोणी द्यायची? गाडीच्या मालकाने. न्यायाधिकरणाने लाखांचा निवाडा दिला आणि मालकाने भरला नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाखाली ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे प्रकरण शेवटी तहसीलदाराकडे, आणि तिथून आपल्या सातबाऱ्याकडे. वर्षाला नऊशे रुपये वाचवायला जाऊन चार एकर डावावर लावायचे, हा व्यवहार शहाण्या शेतकऱ्याचा नाही. हे पैसे डोळे मिटून भरा.

दुसरा विमा मालक-चालकाच्या स्वतःच्या अपघाताचा, १५ लाखांचा. तोही सक्तीचा आहे. पण आपल्या नावावर तेवढ्या रकमेचा अपघात विमा आधीच असेल, तर पुन्हा घ्यावा लागत नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला २ लाखांची मदत आहे, म्हणून कोणी म्हणेल की हा विमा कशाला. ती मदत वेगळी आणि हा विमा वेगळा. शिवाय गाडी चालवताना अपघात झाला तर त्या मदतीसाठीही वाहन चालवण्याचा परवाना विचारतात. परवाना नसलेले जे भाऊ इथे आहेत, त्यांनी ही गोष्ट गाठीला बांधावी.

तिसरा विमा गाडीच्या नुकसानीचा. हा सक्तीचा नाही. घ्यावा की नाही हे आपण ठरवायचे. गाडी चोरीला जाण्याची भीती असेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत घेणे बरे. पण एक लक्षात ठेवा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती कोणालाच करता येत नाही. बाहेरून पॉलिसी आणा, ती चालते. नुसते 'बाहेर भाव विचारून येतो' म्हटले तरी काउंटरवरचा आकडा पुष्कळदा खाली येतो.

आतापर्यंतची बेरीज : ८०,००० अधिक ९,८०० अधिक ४,५४४. झाले ९४,३४४. त्यात मालकाचा अपघात विमा आणि हवा असेल तर नुकसानीचा विमा घाला. कागदावरचा आकडा याच्याही वर उड्या मारत असेल, तर गोणीत खडे आहेत असे समजा.

तिसरा ढीग : खड्यांचा

आता खडे मोजू. 'हँडलिंग चार्जेस', 'फाइल चार्ज', 'लॉजिस्टिक', 'आरटीओ खर्च इतर'. नावे बदलतात, खडा तोच. नियम ८१ च्या तक्त्यात यांतले एकही नाव नाही. सरकारने न मागितलेले पैसे सरकारच्या नावावर मागितले जातात. आपल्याला वाटते आरटीओने लुटले, आणि शिव्या मिळतात त्या खिडकीतल्या कारकुनाला. खाणारा वेगळा, बदनाम होणारा वेगळा.

पुढचा खडा नंबरप्लेटचा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीसोबतच बसवून द्यायची आहे. तिचे वेगळे पैसे मागायचे कारण नाही.

मग मागच्या चाकाची जाळी, साडीगार्ड. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. मागे बसणाऱ्याचा पदर, धोतर चाकात जाऊ नये म्हणून अर्धे चाक झाकणारी जाळी, धरायला कडी आणि पाय ठेवायला पायटा, यांशिवाय मागे माणूस बसवायची मोटारसायकल बनवताच येत नाही, असे केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम सांगतो. पदर अडकून बाई पडल्याच्या घटना आपल्या गावोगाव आहेत. म्हणून हा नियम आहे. आणि हीच जाळी 'अॅक्सेसरी' म्हणून वेगळी विकली जाते. तीच गोष्ट हेल्मेटची. नियम १३८ प्रमाणे दुचाकी विकताना तिच्यासोबत आयएसआय दर्जाचे हेल्मेट द्यायचे आहे. ते आपण मागत नाही म्हणून मिळत नाही.

याशिवाय कोटिंग, सीटकव्हर, वाढीव वॉरंटी, आवडीचा नंबर. ज्याला हवे त्याने घ्यावे. पण 'हे सगळ्या गाड्यांना लागतेच' असे कोणी म्हणाले, तर म्हणा, लिहून दे. लिहून देणारा आम्हांला अजून भेटलेला नाही.

या खड्यांवर उपाय एकच, आणि तो महाग नाही. कोटेशन लेखी घ्यायचे, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. एकगठ्ठा 'ऑन रोड' आकडा घ्यायचा नाही. पैसे दिल्यावर तीन कागद वेगवेगळे मागायचे : गाडीचे पक्के बिल, विम्याची पॉलिसी आणि आरटीओची पावती. आरटीओची पावती आता ऑनलाइन निघते. तिच्यावर कर किती, फी किती, हे ओळीने छापलेले असते. शोरूमने 'आरटीओ' म्हणून आपल्याकडून घेतलेला आकडा आणि त्या पावतीचा आकडा शेजारी ठेवा. फरक लगेच दिसेल. नोंदणीला मोबाइल नंबर द्यायचा तो आपला द्या, एजंटाचा नको. नाहीतर उद्या संदेश त्याला जातील आणि आपण पुन्हा त्याच्याच दारात उभे राहू.

पैसे घेऊन पक्की पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार मराठीत सांगता येते. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. हजार-दीड हजारासाठी कोण जिल्ह्याला खेटे घालणार, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. एकट्याने घालू नयेत. एकाच शोरूमच्या दहा पावत्या एका कार्यकर्त्याकडे जमा करा आणि दहा जण मिळून जा. ज्या दिवशी दहा जण पावत्या घेऊन उभे राहतील, त्या दिवशी बहुतेक वेळा आयोगापर्यंत जावेच लागणार नाही.

जुनी गाडी : थकबाकी वाढू देऊ नका

नवी गाडी घेणारे थोडे, जुनी चालवणारे फार. त्यांचा हिशेब वेगळा आणि जास्त टोचणारा आहे.

नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० होती, १ एप्रिल २०२२ पासून १,००० झाली. गाडी २० वर्षांवर गेली असेल तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ती २,००० झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. २०१० साली तो आला, तेव्हा १५ वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचे २,००० रुपये ठरले. स्मार्ट कार्डाचे २००. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी नंबरप्लेट, दुचाकीला ४५० अधिक जीएसटी, ५३१ रुपये. म्हणजे १५ वर्षे पुरी झालेल्या गाडीला ३,७३१ रुपये, विमा वेगळा.

हे जड आहे. त्यापेक्षा जड आहे उशीर. मुदत संपल्यावर दर महिन्याला ३०० रुपये जादा फी चढते. फी एक हजार आणि उशिराचे महिन्याला तीनशे. दोन वर्षे विसरलात तर ७,२०० रुपये. गावचा सावकारही एवढे व्याज लावताना आजूबाजूला बघतो. म्हणून आज घरी गेल्यावर आर.सी. काढा आणि मुदतीची तारीख बघा. मुदतीच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ वर अर्ज करता येतो. गाडीचा जीव दहा हजारांचा उरला असेल आणि खर्च पाच हजारांचा होत असेल, तर भावना बाजूला ठेवून हिशेब करा. मोडीत काढायची असेल तर भंगारवाल्याला नुसती विकू नका. नोंदणी रद्द करून घ्या. कागदावर गाडी जिवंत राहिली तर तिने पुढे केलेला गुन्हा आपल्या नावावर चढतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावे. नावावर करण्याची फी नोंदणी फीच्या निम्मी, १५० रुपये. नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. दीडशे रुपयांचे काम आपण 'नंतर बघू' म्हणून वर्षानुवर्षे ठेवतो, आणि मधे अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात येते. कर्ज फिटले की फायनान्सवाल्याकडून नमुना ३५ आणि ना-हरकत दाखला घेऊन बोजा उतरवा. घरातला कर्ता माणूस गेला तर सातबाऱ्याच्या वारसनोंदीसोबत गाडीचीही करा. मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि नमुना ३१ वर तीन महिन्यांत नाव लावून घ्यायचे. त्या दुःखात गाडीचे कागद कोण बघतो, हे आम्हांला कळते. म्हणून ते काम शेजारच्या कार्यकर्त्याने आपणहून करावे.

सीमेपलीकडची पळवाट

नंदुरबार, नवापूरकडचे भाऊ म्हणतात, गुजरातेत रस्ता कर ६ टक्के आहे, तिकडून गाडी आणू. गंमत बघा. मोटारसायकल तयार होते आपल्या वाळूजला. तिथून ती सुरतेला गेली तर तिला कर कमी, आणि कारखान्याच्या वेशीबाहेरच्या शेतकऱ्याने घेतली तर जास्त. राग यावा अशीच गोष्ट आहे.

पण पळवाटेने जाऊ नका. दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्याकडे १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर इथे नवीन नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तिकडचा खोटा पत्ता दिला तर विम्याच्या वेळी तोच पत्ता अंगाशी येतो. दोन-चार हजार वाचवताना सगळी गाडीच बेवारस करून घ्यायची नाही.

विजेवरच्या स्कूटरचे काही जण विचारतात. तिला आपल्या राज्यात रस्ता कर माफ आहे, २०२१ पासून केंद्राची नोंदणी फीही माफ आहे, जीएसटी ५ टक्के. कागदावर हिशेब छान बसतो. तुमच्या गावात वीज किती तास असते, रस्ता कसा आहे आणि दुरुस्ती करणारा किती लांब आहे, हे बघून ठरवा. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मनात आणले तर सरकारला दुचाकीवरचा कर पुरा माफ करता येतो. तिजोरी त्याने कोसळत नाही.

मग आपले म्हणणे काय?

राज्याच्या मोटार वाहन कर कायद्यात निव्वळ शेतीकामाच्या वाहनाला सूट आहे. ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार, हे सरकारला मान्य आहे. ठीक आहे. पण ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे, त्याच्या दारात ट्रॅक्टर नाही. त्याच्या दारात फटफटी आहे. युरियाची गोणी तिच्यावर येते. फवारणीचा पंप तिच्यावर जातो. दुधाचे कॅन, कापसाचे गाठोडे, बिघडलेली मोटर, बाळंतीण सून, सगळे तिच्यावर. शहरात ती पोराची हौस असेल, आपल्याकडे ती तिसरा बैल आहे. मोठ्याचे अवजार ते अवजार आणि धाकट्याचे अवजार ती चैन, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

दुसरे. हा कर रस्त्याच्या नावाने घेतात. कराला आमची ना नाही, पण मग रस्ता दाखवा. वापराप्रमाणे कर म्हणाल, तर पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे दिल्ली आणि मुंबई दोघीही आपला वाटा आधीच घेतात. जो जास्त फिरतो तो जास्त भरतो. मग गाडी दारात उभी राहण्याआधीच किमतीच्या ११ टक्के कशाबद्दल?

म्हणून आजच्या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. ११० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, घेणाऱ्याच्या नावावर सातबारा असेल तर, रस्ता कर निम्मा करावा. रस्ता कर जीएसटी वगळून मूळ किमतीवर आकारावा, कराला कर नको. आणि जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर जादा फी मूळ फीहून जास्त होता कामा नये. यांतली तिसरी मागणी दिल्लीची आहे, पहिल्या दोन मुंबईच्या. निवेदन इथेच, नाशिक रोडच्या विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे. नाशिकपासून नंदुरबारपर्यंत पाचही जिल्ह्यांचे कार्यालय तेच आहे.

निवेदन देऊन उद्या कर कमी होईल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. कर कमी व्हायला वेळ लागेल. पण तिसरा ढीग, खड्यांचा ढीग, उद्यापासून कमी करता येतो. त्याला विधानसभा लागत नाही. लागतो तो फक्त तोंड उघडणारा गिऱ्हाईक.

प्रत्येक तालुक्यातून एका कार्यकर्त्याने जबाबदारी घ्यावी. गावात कोणी गाडी घ्यायला निघाले की सोबत एक माणूस जाईल, कोटेशन ओळीने लिहून घेईल आणि आरटीओच्या पावतीशी ताळा करील. फरकाच्या पावत्यांच्या झेरॉक्स जमा करील. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना त्या पावत्या घेऊन या. दहा असोत, पन्नास असोत. त्या टेबलावर मांडून मगच पुढचे बोलू.

ज्याला आपल्या कापसातली कवडी मोजून दाखवता येते, त्याला आपल्या बिलातला खडा दाखवून द्यायला आपण शिकलो, तर आजची बैठक कारणी लागली असे आम्ही समजू.